ओळख पटली नाही

वाचनालयातल्या ग्रंथपालबाई दुकानात आल्या त्याच डोळे चोळत. आमचं चष्म्याचं दुकान वाचनालयाच्या गल्लीतच, वळणावर आहे. वाचनालय डोळे बिघडवतं आणि आपण दुरुस्त करतो, असं आमचे हे नेहमी म्हणतात. डोळे तपासायचे ह्यांनी. फ्रेम बसवणं, काड्या सरळ करणं, स्क्रू आवळणं माझ्याकडे. पस्तीस वर्षं हेच चाललंय.

"काकू, जवळचं काही दिसेनासं झालंय हो," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "दोन महिने जुन्या फायली वाचतेय. तेव्हाच्या पोलिसांचं अक्षर म्हणजे शाईत बुडवलेली मुंगी कागदावर सोडल्यासारखं."

"पोलिसांच्या फायली कशाला वाचता?"

"प्रदर्शन करतेय. हातमोजेवाल्याचं." आणि लगेच जीभ चावून म्हणाल्या, "बघा, माझ्याही तोंडात आधी तोच येतो. त्याचं नाही. त्याने मारलेल्या पाच बायकांचं."

हातमोजेवाला कोण, हे आमच्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. बावन्न वर्षांपूर्वी दीड वर्षात त्याने पाच बायका मारल्या, सहावीच्या वेळी सापडला आणि फासावर गेला. त्याच्यावर पुस्तकं निघाली, नाटक आलं. मुलं जेवत नसली की आया अजूनही त्याचीच भीती घालतात. तो कुठे जन्मला, काय खायचा, हातमोजे कुठल्या दुकानातून घ्यायचा, सगळं लोकांना तोंडपाठ. बायका मात्र पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी.

"चौघींचं सापडलं," बाई सांगत होत्या. मी त्यांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते. "एक सुईण होती. एक शाळेची झाडलोट करायची. एक हाताने विणलेले मोजे दारोदार विकायची. आणि पाचवी तर एकोणीस वर्षांची, टेलिफोन ऑफिसात लागून जेमतेम आठवडा झालेला. पेपरवाल्यांनी पाचहीजणींना एकाच माळेत ओवलं. म्हणे वाईट चालीच्या. फक्त चौथी काही सापडत नाही. तिचं नावच नाही कुठे. अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस. बस्स."

मी काडी जरा जास्तच वाकवली.

"एकदा ओळख पटवायचा प्रयत्न झाला होता. फायलीत दोन ओळी आहेत. 'एक मुलगी, वय सुमारे दहा, सोबत नातेवाईक बाई. कपडे व वस्तू दाखविल्या. ओळख पटली नाही.' बिचारी पोर! दहा वर्षांच्या जिवाला असलं बघायला लावायचं म्हणजे काय! किती घाबरली असेल."

"चष्मा परवा मिळेल," मी म्हणाले.

ती मुलगी मी. आणि मी घाबरले नव्हते.

आई बाइंडिंगखान्यात कामाला होती. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे, त्यांना फर्मे म्हणतात. त्यांच्या घड्या घालायच्या, त्या क्रमाने लावायच्या, शिवायच्या आणि पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायच्या. झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. त्यामुळे आईच्या नखांच्या कडा कायम निळसर असायच्या. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे पक्के येत होते. "लिहिणारे मेले शहाणे असतील," ती म्हणायची, "पण सोळानंतर सतरावं पान लावते कोण? मी. मी तिथे बत्तिसावं लावलं, तर गेलं की नाही त्यांचं शहाणपण खड्ड्यात?"

खराब झालेले फर्मे ती घरी आणायची आणि मी ते वाचून दाखवायचे. गोष्ट ऐन रंगात आली की कागद संपायचा. पुढची गोष्ट आई रचायची. तिच्या गोष्टींत शेवटी सगळे जण, अगदी चोरसुद्धा, जेवायला बसायचे.

वडील मला आठवत नाहीत. एका खोलीत आम्ही दोघी, आणि मला तरी त्यात काही कमी वाटत नव्हतं. मग बाइंडिंगखान्यात घड्या घालायचं यंत्र आलं आणि आठ बायकांना घरी बसवलं. आईने एका खानावळीत भांडी घासायचं काम धरलं. उजाडायच्या आत जाऊन शेगड्या पेटवायच्या, मग दिवसभर भांडी. खोली परवडेना. तिने मला मावशीकडे ठेवलं. "दोन महिने फक्त," मावशीला म्हणाली. स्वतः तिने बायकांच्या एका निवाऱ्यात खाट घेतली. तिथे तिला पिण्याची सवय लागली. हे मी झाकत नाही. झाकायचे माझे दिवस संपले.

दर रविवारी दुपारी ती मला बागेत भेटायची. त्या थंडीत एका संस्थेने गरीब बायकांना करडे कोट वाटले होते, सगळ्यांना एकसारखे. आईच्या कोटाचा आतला खिसा फाटका होता. मला तोकडा झालेला एक फुलाफुलांचा झगा कापून मी त्या खिशाला अस्तर लावलं, बागेतल्या बाकावर बसून. टाके इतके वाकडे की आई म्हणाली, "हा खिसा प्यायलाय वाटतं." आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

एका रविवारी ती आली नाही. बुधवारी मात्र शाळा सुटताना फाटकाशी उभी. केस विस्कटलेले, तोंडाला वास. माझ्याबरोबर चार मैत्रिणी होत्या. मावशीच्या घरी राहायला लागल्यापासून मला मैत्रिणी मिळाल्या होत्या, इस्त्रीचे कपडे मिळाले होते.

"कोण गं ही?" एकीने विचारलं.

"आमच्याकडे भांडी घासते," मी म्हणाले.

आई दोन हातांवर होती. तिने ऐकलं. ती हसली आणि मुलींना म्हणाली, "हो ना. तुमच्या ह्या बाईसाहेब फार उष्टं टाकतात बरं का, घासून घासून माझे हात जातात." आणि वळून चालायला लागली.

त्यानंतरचे तीन रविवार ती आली नाही. मी बागेत जाऊन बसायची आणि मला तिचाच राग यायचा. मी काय बोलले होते ते मला आठवत होतं, पण राग यायचा तो तिचा.

चौथ्या रविवारच्या आधी पोलीस आले. कालव्याच्या काठी एक बाई सापडली होती. निवाऱ्याच्या राखणदारिणीने सांगितलं होतं की एक खाट चार दिवस रिकामी आहे, त्या बाईची मुलगी अमक्या ठिकाणी असते. चेहरा दाखवण्याजोगा उरला नव्हता. कोट पाहून राखणदारीण म्हणाली होती, "असे कोट माझ्याकडे वीसजणी घालतात, मी काय सांगू?"

मावशी मला घेऊन गेली. बाकावर बसवलं होतं तेव्हा दोन शिपाई चहा पीत बोलत होते. "चौथी झाली," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "असल्या बायकांचं आणखी काय होणार?" मावशीने माझ्या कानांवर हात ठेवले, पण जरा उशिरा.

आत टेबलावर कोट, एक बूट, कापडी पिशवी आणि फणी होती. फौजदार वाईट माणूस नव्हता. त्याने कोट हळूच उघडला. ती फुलं मला दिसली. माझे वाकडे टाके दिसले.

"नीट बघ, बाळ. हे आईचं आहे का?"

मावशीचा हात माझ्या खांद्यावर होता.  बोलली ती फक्त इतकंच: "घाई करू नको. बघ आणि खरं ते सांग."

मला एवढं कळलं, की 'हो' म्हटलं तर आई इथे आहे, ह्या टेबलावर. 'नाही' म्हटलं तर ती बाहेर कुठेतरी आहे, आणि मी असल्या बाईची मुलगी नाही. 'नाही'तलं हे दोन्ही मला हवं होतं. पण जास्त काय हवं होतं, हे मी आता स्वतःपासून लपवत नाही. जास्त हवं होतं ते दुसरं.

"नाही," मी म्हणाले.

मावशीने इतका मोठा श्वास सोडला की तिला खुर्ची द्यावी लागली. बाहेर आल्यावर तिने मला रस्त्यातच कवटाळलं. "बघ, जिवंत आहे ती!" म्हणाली. "कुठेतरी रुसून बसली असेल. येईल."

आणि मावशी तिची वाट बघायला लागली.

हे मला आधी कळायला हवं होतं, पण दहा वर्षांच्या डोक्यात एवढं पुढचं शिरत नाही. मला वाटलं, 'नाही' म्हटलं की संपलं. मावशीचं तिथून सुरू झालं. ती निवाऱ्यात गेली, खानावळीत गेली, बाइंडिंगखान्यात गेली. पेपरात छापून आणलं. परगावी कुणी ओळखीचं निघालं की त्यांच्याकडे बहिणीचं वर्णन लिहून द्यायची. दोन वर्षांनी काकांची बढतीवर बदली झाली. मोठं घर, कोरडी हवा, सगळं होतं. मावशी म्हणाली, "ती आली आणि आपण इथे नसलो तर?" काकांनी बदली नाकारली. काका म्हणजे देवमाणूस, एका शब्दाने कधी बोलले नाहीत. आम्ही त्याच दोन ओलसर खोल्यांत राहिलो. माझ्या मावसबहिणीला, ताईला, तिथेच दमा जडला.

मी रोज म्हणायचे, उद्या सांगू. मग म्हणायचे, परीक्षा झाली की. मग लग्न झालं की. खोटं जितकं जुनं होतं तितकं ते घरातल्या जड कपाटासारखं होतं. हलवायचं म्हटलं की आधी खोलीच रिकामी करावी लागते.

लग्नात ह्यांना सांगण्यात आलं की मुलीची आई तिला टाकून निघून गेली. हे अधूनमधून म्हणायचे, "काय बाई असेल! पोटच्या पोरीला टाकून जायचं म्हणजे!" मी ऐकून घ्यायचे. कधीकधी मानही हलवायचे.

मावशी शेवटी अंथरुणाला खिळली. मी तिला जेवण भरवत होते. माझ्या हाताला धरून म्हणाली, "ती आली तर तिला सांग हं, मी तुला चांगलं वाढवलं."

"सांगीन," मी म्हणाले.

हे सगळं मी पोटात ठेवून बावन्न वर्षं जगले, आणि लोक म्हणतात मी हसतमुख आहे.

चष्मा तयार झाला. पाठवता आला असता, पण मी स्वतः घेऊन गेले. वाचनालयाच्या मागच्या दालनात फलक भिंतीला टेकवून ठेवले होते. सुईणीच्या फलकावर तिच्या हातून जन्मलेल्यांची नावं होती, दोन रांगा भरून. मोजेवालीच्या फलकावर तिच्या विणीचा नमुना होता. चौथ्या फलकावर एकच ओळ: 'हिच्याबद्दल काही कळू शकलं नाही.'

बाईंनी चष्मा लावला, फाईल उघडली. "अहा! मुंग्या आता ओळीत चालायला लागल्या."

"त्यात कोटाच्या खिशाबद्दल काही लिहिलंय का?" मी विचारलं. "आतल्या. फुलाफुलांचं अस्तर. बारीक लाल फुलं. हाताने शिवलेलं, वाकडं."

त्यांनी पान उलटलं. बोट ओळीवरून फिरवलं आणि थांबलं.  उठून त्यांनी दालनाचं दार लावलं आणि मला पाणी दिलं.

मी आईचं नाव सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडताना मला परकं वाटलं. किती वर्षांत उच्चारलं नव्हतं. बाइंडिंगखाना, खानावळ, निवारा, सगळं सांगितलं. बाई भराभर लिहून घेत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण काकू, त्या दिवशी तुम्ही ओळखलं नाहीत का?"

"मावशीने सांगितलं होतं," मी म्हणाले. "नाही म्हण, म्हणून."

किती सहज आलं ते! मला अडखळावंही लागलं नाही. कारण स्वतःशी माझं ते हजारदा म्हणून झालं होतं. रात्रंदिवस घासून घासून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.

"लोकलाज!" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढ्याशा पोरीवर केवढा बोजा टाकला!"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं दुःखाने.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी ह्यांना सांगितलं. मावशीच्या नावावर घातलेलं ते खोटं सोडून बाकी सगळं. हे काउंटरमागे उभे होते, ते खाली बसले.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्या बाईला नावं ठेवत होतो," हे म्हणाले, "आणि तू ऐकत होतीस?"

"हो."

"एकदाही तुला वाटलं नाही, ह्याचं तोंड बंद करावं?"

 त्यांनी कुलूप लावलं, आणि घरापर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढे चालले. एरवी ते माझ्याबरोबर चालतात.

चार दिवसांनी बाई फलकाचा मजकूर दाखवायला आल्या. छान लिहिला होता. आईची निळी नखं त्यात होती. शेवटून दुसरी ओळ अशी होती: 'बहिणीने लोकलाजेस्तव मुलीला ओळख नाकारायला लावली.'

मी ती ओळ तीनदा वाचली. छापलेल्या अक्षरांत मावशी कशी दिसत होती! जिने बढती सोडली, कोरडं घर सोडलं, मरेपर्यंत दाराकडे बघत राहिली, ती मावशी भिंतीवर टांगली जाणार होती, आणि लोक चुकचुकत म्हणणार होते, कसली बहीण!

आईला मी दोनदा नाकारलं होतं. आता मावशीची पाळी होती, आणि ह्या वेळी मी दहा वर्षांची नव्हते, बासष्टची होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या काउंटरपाशी कळलं.

"बाई, हे आज छापायला टाकू नका," मी म्हणाले. "मला आधी एकीला भेटायचंय."

ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, आता निवृत्त आहे. मला बघून खूश झाली. "अगं, वाट कशी चुकलीस? बस, चहा टाकते. आणि हे बघ, भरतकाम काढलंय पुन्हा, डोळे फुटले तरी हौस फिटत नाही."

"चहा नको, ताई. आधी ऐक."

मी उभ्यानेच सांगितलं. फाटकापासून सांगितलं. टेबल, कोट, फुलं, टाके. मावशी काय म्हणाली होती ते सांगितलं: बघ आणि खरं ते सांग. आणि ग्रंथपालबाईंना मी काय सांगितलं, तेही.

ताईच्या हातात सुई होती. तिने ती कापडात खोचली, कापड घडी करून बाजूला ठेवलं. तिचा श्वास घरघरायला लागला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आईने ते पेपरात छापून आणलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मजकूर तू लिहून दिला होतास. तुझं अक्षर चांगलं म्हणून. मी शेजारी बसले होते."

हे मी विसरले होते. खरोखरच विसरले होते. टेबलाशी बसून मी लिहिलं होतं: उंची मध्यम, वर्ण सावळा, नखांच्या कडा निळसर.

"बाबांनी बदली सोडली. मी प्रत्येक थंडीत दम कोंडून मरता मरता वाचले. आई म्हणायची, अजून एक वर्ष थांबू, अजून एक. आणि तू समोर बसून जेवत होतीस."

"ताई, मी..."

"रडू नकोस. तू रडलीस की मला तुझे डोळे पुसावे लागतील, सवय आहे मला. आज नाही पुसायचे मला." तिने दमाचा फवारा घेतला, थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "आईला मेल्यावर बदनाम करून आलीस ते आधी निस्तर. आणि आता जा."

मी निघाले. जिन्यात मागून दार लागल्याचा आवाज आला. आपटलं नव्हतं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिथून मी सरळ वाचनालयात गेले. बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

"ती ओळ खोटी आहे," मी म्हणाले. "मावशीने मला खरं सांग म्हटलं होतं. मी ओळखलं होतं आणि नाही म्हणाले. माझं मी. असंच लिहा. आणि पुढे लिहा की बहीण मरेपर्यंत तिला शोधत होती."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "काकू, तुम्ही दहा वर्षांच्या होतात हो. असं भिंतीवर कशाला? मी ती ओळच काढून टाकते. 'ओळख पटली नाही' एवढं ठेवू."

"तेच तर बावन्न वर्षं ठेवलंय."

"लोक नावं ठेवतील तुम्हाला. दुकान आहे तुमचं गल्लीत."

"ठेवू देत. आईला ठेवलीच ना?"

त्यांनी मजकूर बदलला. पण 'घाबरून नाही म्हणाली' असं लिहिलं. मी 'घाबरून' खोडायला लावलं.

प्रदर्शन उघडलं. गल्लीत बातमी पसरायला अर्धा दिवस पुरला. काही गिऱ्हाइकं दुकानात येऊन नुसती माझ्याकडे बघून जायची. एक बाई म्हणाल्या, "तुमचं काळीज म्हणजे दगडाचं म्हणायला हवं," आणि मग चष्मा पुसायचं कापड फुकट मागून घेतलं.  तिसऱ्या दिवशी हे प्रदर्शनाला गेले, चौथ्या फलकापुढे बराच वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "तुझी आई विनोदी होती हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

दुपारी मी दालनात जाऊन बसू लागले. येणारे सगळे आधी विचारायचे, "हातमोजेवाला कुठे आहे?" बाई सांगायच्या, "तो नाही इथे." काही जण तेवढ्यावरच परत जायचे.

एके दिवशी शाळेच्या मुली आल्या. दहाअकरा वर्षांच्या, माझ्या तेव्हाच्या वयाच्या. एकीने चौथा फलक मोठ्याने वाचला आणि विचारलं, "ओळखलं होतं तर नाही का म्हणाली? ती मुलगी वाईट होती का?"

त्यांच्या शिक्षिकेने तिला गप्प करायला बोट ओठांवर ठेवलं. मी उठले. पण मी बोलायच्या आत मागून आवाज आला, "दहा वर्षांची होती ती. दहा वर्षांचं मूल वाईट नसतं."

दारात ताई उभी होती. शाळेत शिकवताना उभी राहायची तशी, ताठ.

"पण पुढे ती मोठी झाली ना," ताई म्हणाली. "तेव्हा सांगायला हवं होतं."

मुलींनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. मलाही पटलं.

मग ताई फलकाजवळ आली आणि मुलींना माझ्या आईबद्दल सांगायला लागली. मी कधी न ऐकलेलं. आई मावशीकडे यायची तेव्हा ताईला खांद्यावर घेऊन छतावरची कोळ्याची जाळी काढायला लावायची. तिला गाता येत नव्हतं तरी गायची, आणि शेजारच्यांनी भिंत ठोकली की म्हणायची, टाळ्या वाजवतायत. मुली खळाळून हसल्या. मीही हसले असते, पण ताईने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने आईच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि ती निघून गेली. 

आई कालव्यापलीकडच्या दफनभूमीत आहे. तिथे तिला नुसता क्रमांक आहे. क्रमांकाच्या जागी नाव लावायचं तर मृत्यूची नोंद दुरुस्त करावी लागते, आणि तिच्या फॉर्मवर दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात. मी माझी केली आणि फॉर्म ताईला टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठी लिहायला बसले होते. चार कागद फाडले आणि नुसताच फॉर्म पाठवला.

नवव्या दिवशी तो परत आला. ताईने सही केली होती. नात्याच्या रकान्यात 'भाची' लिहिलं होतं. सगळे रकाने तिच्या सुबक अक्षरांत भरलेले होते, एक सोडून: 'नोंद इतक्या उशिरा करण्याचे कारण'. त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, 'हे तुझं.'

कचेरीतल्या बाकावर बसून मी तो रकाना भरला. जागा दीड ओळीची होती, तेवढी पुरली. लिहिलं, 'मुलीने ओळखले होते, लाजेपोटी सांगितले नाही.'

खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म वाचला. त्या ओळीवर तो थांबला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फॉर्मकडे बघितलं.

"मुलगी कोण?" त्याने विचारलं.

"मी."

त्याने शिक्का मारला आणि म्हणाला, तीन आठवड्यांनी या.